हात कोरडे झाले आणि पाठ भिजली

निपाणीत आमचं कापडाचं दुकान आहे. आजोबांनी सुरू केलं, आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाढवलं, आणि पुढं ते मी चालवायचं हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं. अशा घरातल्या एकुलत्या एका मुलाच्या तळहातांना घाम यावा, म्हणजे हलवायाच्या पोराला साखर वर्ज्य असावी तसं झालं.

हा घाम उन्हातान्हात सगळ्यांना येतो तसला नव्हे. ऐन थंडीत पंख्याखाली नुसता बसलो तरी माझ्या हातांतून पाणी झरायचं. हात खाली सोडला की बोटाच्या टोकाला थेंब धरायचा. शाळेत पेपर लिहिताना हाताखाली रुमाल, रुमालाखाली दुसरा रुमाल. तरी कागद फुगायचा आणि शाई पसरायची.

कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. लग्नसराईचे दिवस, संकेश्वरकडचं एक कुटुंब बस्त्याला आलेलं. आप्पा जेवायला घरी गेले होते, म्हणून साड्या मीच दाखवत होतो. लिंबू रंगाचा एक रेशमी शालू मी घडी मोडून गादीवर पसरला, काठ दिसावा म्हणून हातानं सारखा केला. हात उचलला तर शालूवर पाचही बोटं उमटलेली. नवरीच्या आजीनं चष्मा वर करून बघितलं.

"ह्यो डाग कसला रं बाळा?"

मी हात पाठीमागं लपवला. तेवढ्यात आप्पा आले. त्यांनी एका नजरेत ओळखलं, शालू उचलून मागं ठेवला आणि दुसरा पसरला. गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाले, "सन्मती, तू आपला गल्ल्यावर बसत जा."

आवाजात राग अजिबात नव्हता. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटतं. त्या दिवसापासून मी गल्ल्यावर. चारी बाजूंना कापड, आणि त्यातल्या एकाही ताग्याला माझा हात लागायचा नाही.

आधीच दिलेला नकार

लोकांना वाटतं, घामच तर आहे, पुसला की झालं. मीही तसंच समजून चाललो होतो. मला काही आजार आहे असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं. 'त्याचे हात ओले असतात' एवढंच. कुणाचं नाक मोठं असतं, कुणाचा आवाज घोगरा असतो, तसे माझे हात. आई म्हणायची, "घाबरतोस म्हणून येतोय. मन घट्ट कर." मी मन घट्ट केलं की घाम वाढायचा.

तिशी जवळ आली तशी घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. चिकोडीजवळच्या एका गावात आम्ही मुलगी बघायला गेलो. चांगली शिकलेली, शांत मुलगी होती. तिनं सरबताचा ग्लास पुढं केला, माझी बोटं तिच्या बोटांना लागली. तिच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. फक्त आत जाताना तिनं पदराला हात पुसला.

सरबताचा गार ग्लास कुणाच्याही हातात ओला होतो. तिनं तेच पुसलं असेल. पण परतीच्या वाटेवर मी आईला सांगून टाकलं, मला पसंत नाही.

"काय वाईट हाय पोरीत?" आई म्हणाली.

"काय न्हाय."

"मग?"

मी गाडीच्या काचेतून उसाकडं बघत बसलो. नंतर मध्यस्थाकडून कळलं, त्यांना मी आवडलो होतो. ते होकार कळवणारच होते, त्याआधी आमचा नकार पोचला.

नाव

माझी मोठी बहीण, सुजाता आक्का, बेळगावला टिळकवाडीत राहते. शाळेत शिकवते. तिच्या वर्गात एका मुलीची वही नेहमी ओली यायची. त्या मुलीच्या आईनं तिला त्वचेच्या डॉक्टरांकडं नेलं होतं, हे ऐकून आक्कानं मला फोन केला.

"रविवारी ये. कुणाला सांगू नको. मी येते संगट."

डॉक्टर माझ्याच वयाचे असतील. मी आत गेलो तसा त्यांनी हात पुढं केला. मी रुमाल शोधायला लागलो. ते म्हणाले, "पुसू नका. तसाच द्या." त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावरचं पाणी बघितलं आणि सावकाश सोडला. त्यानंतर त्यांनी स्वतःचा हात पुसला नाही. कधीपासून, झोपेत येतो का, घरात कुणाला आहे का, असं सगळं विचारून घेतलं आणि या आजाराचं नाव सांगितलं. लांबलचक इंग्रजी नाव, तेव्हा मला नीट उच्चारताही आलं नाही.

पण नाव होतं. म्हणजे माझ्यासारखी इतकी माणसं होती की कुणीतरी बसून त्याला नाव दिलं होतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडलो. आक्का माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. डॉक्टर कागद चाळत असल्यासारखं करत होते.

त्यांनी उपाय सांगितले ते पायरीपायरीनं. आधी लावायचं औषध. मग पाण्याच्या दोन पसरट भांड्यांत हात बुडवून त्यातून बारीक वीज सोडायचं एक यंत्र असतं ते, दिवसाआड, चिकाटीनं. गोळ्या, इंजेक्शनं. आणि सगळ्यात शेवटी ऑपरेशन, छातीतली घामाची नस बंद करायचं.

"ऑपरेशननं हात कोरडे होतात," ते म्हणाले, "पण घाम दुसरीकडून वाट काढतो. पाठ, पोट, मांड्या. कुणाला थोडा, कुणाला खूप. आणि त्यातनं मागं फिरता येत नाही. हे नीट ऐका."

आक्कानं नीट ऐकलं. माझ्या कानांत 'हात कोरडे होतात' एवढंच राहिलं.

हॉस्पिटल

औषध लावून सालं निघाली. गोळ्यांनी तोंड इतकं कोरडं पडायचं की गिऱ्हाइकाशी बोलताना जीभ टाळूला चिकटायची. विजेच्या यंत्रापुढं बसायला थोडे आठवडे गेलो, मग निपाणीहून बेळगावला सारखं यायला जमेना म्हणून सोडलं. त्यातच आप्पांचे गुडघे गेले. त्यांना गादीवर मांडी घालून बसता येईना. दुकानात पगारी माणसं होती, पण बस्त्याचं गिऱ्हाईक मालकाशीच बोलतं. मी ऑपरेशन करायचं ठरवलं.

आक्का विरोधात होती. "आणखी एकदा विचार कर रं," ती म्हणाली. आप्पा म्हणाले, "डॉक्टर करतो म्हणतोय तर करू दे की." आईनं बसदीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन यायला सांगितलं. मी गेलो. काही मागितलं नाही, नुसता खांबाला टेकून बसून आलो.

हॉस्पिटलात मला हिरवा, मागून नाड्या असलेला झगा दिला. माझ्या शेजारच्या खाटेवर खानापूरकडचे एक म्हातारे होते, पोटाच्या ऑपरेशनला आलेले. सकाळी चहाची गाडी यायची, मग ताप बघणारी सिस्टर, मग झाडूवाली, मग राउंड. झाडूवाली रोज तोच प्रश्न विचारायची, "कशाचं ऑपरेशन तुमचं?" पहिल्या दिवशी मी घामाचं म्हणालो तर ती हसायला लागली. दुसऱ्या दिवशी मी छातीचं म्हणून सांगितलं.

शुद्धीवर आलो तेव्हा दोन्ही बाजूंनी छाती कुणीतरी दोरखंडानं आवळल्यासारखी दुखत होती. श्वास अर्धाच येत होता. आणि त्या दुखण्यात मला जाणवलं, माझे हात गरम आहेत. आयुष्यात पहिल्यांदा. बोटं एकमेकांवर घासली तर खरखर आवाज आला. हे हात माझे नव्हेतच असं वाटून मी ते पुन्हा पुन्हा घासत राहिलो.

आम्ही दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि हॉस्पिटलचं जेवण यायचं ते अंधार पडल्यावर. म्हणून आक्का शाळा सुटली की तशीच स्कूटरवरून डबा घेऊन धावत यायची. तिच्या साडीला खडूची पूड लागलेली असायची. "खा लवकर, सूर्य चाललाय," असं म्हणत ती घास भरवायची. भाताचा तो घास मला अजून आठवतो.

आप्पा एसटीनं आले. कापडी पिशवीतून त्यांनी रेशमाचा एक तुकडा काढला, मोतिया रंगाचा, ज्याच्यावर पाण्याचा ठिपकाही लपत नाही असा. माझ्या पोटावर पसरला.

"ठेव हात."

मी हात ठेवला. आप्पा वाट बघत राहिले. मग त्यांनी माझं मनगट धरून हात उचलला आणि खालचं कापड निरखून बघितलं. शेजारचे म्हातारे कोपरावर उठून बघत होते. कापड कोरडं होतं. आप्पांनी त्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

पाठ

दोन-तीन महिने मी राजा होतो. दिसेल त्या माणसाशी हात मिळवत होतो. दुकानात एकेक ताग्यावरून हात फिरवत होतो. इरकल, खण, मलमल, सगळं मला डोळ्यांनी माहीत होतं, हातांना आत्ता कळत होतं.

मग चैत्र लागला. एका दुपारी मी वरच्या फळीवरचा तागा काढायला गिऱ्हाइकाकडं पाठ केली. मागून एक बाई कन्नडमध्ये म्हणाल्या, "मळी बंतेनरी?" पाऊस आला काय हो? सगळे हसले. मी हात मागं नेऊन चाचपलं. मानेपासून कमरेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. घाम सुटलेला मला कळलाच नव्हता.

तिथून वाढतच गेलं. पाठ, मग पोट, मग मांड्या. कपाळ आणि हात कोरडे ठणठणीत आणि छातीखाली सगळं ओलं. आमच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी पांढऱ्या खोळीच्या गाद्या आहेत. एकदा मी उठलो आणि गादीवर माझ्या बैठकीचा ओला ठसा राहिला. समोर सासू-सून बसल्या होत्या. सुनेनं बघितलं आणि पटकन नजर वळवली. सासूनं वळवली नाही.

आप्पांना हे मान्यच होईना. "हातासाठी एवढं केलं, ते बरं झालतं. आता हे आणि काय काढलंस?" जणू मीच काढलं होतं. आईनं कोकम, वाळा, सब्जा, कुणी काही सांगेल ते पाजलं. एके दिवशी गर्दीच्या वेळी आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "तू आत जाऊन बस. मी बघतो हितं." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ते गादीवर बसायला लागले. बसताना ते कण्हले, ते मी आतल्या खोलीतून ऐकलं.

त्याच महिन्यात मी बेळगावला आलो. एका ठोक व्यापाऱ्याच्या ऑफिसात खरेदीचं काम मिळालं, आक्काच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. आक्का म्हणाली आमच्यातच राहा. पण तिच्या घरात सोफा होता.

कपडे

ज्यांना हा त्रास आहे ते हा भाग आधी वाचतील, म्हणून जमेल तेवढं सरळ सांगतो.

आकाशी आणि करडा हे दोन रंग आपले वैरी. त्यांच्यावर एक थेंब पडला तरी काळा दिसतो. पांढऱ्यावर ओल कमी दिसते, पण तो अंगाला चिकटला की आतली कातडी दिसते. काळा लपवतो, म्हणून मी वर्षभर काळे सदरे घातले. पण काळ्यावर घाम वाळला की मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, आणि सकाळी कोरडा दिसणारा माणूस दुपारी चुन्याच्या भिंतीला घासून आल्यासारखा दिसतो. खेळाडूंचे असतात ते झुळझुळीत बनियन लवकर वाळतात खरे, पण त्यांचा वास धुऊनही जात नाही. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही, आणि मांड्या सोलून निघतात.

हे सगळं मला आधीच माहीत असायला हवं होतं. कापडातच वाढलो. पण गिऱ्हाइकाला कापड विकताना आपण रंग सांगतो, काठ सांगतो, टिकेल म्हणून सांगतो. घामात ते कसं वागतं हे कधी कुणी विचारत नाही, आणि आपण सांगतही नाही.

आणखी एक गोष्ट माणूस शिकतो ती म्हणजे वागण्याचे कपडे. मी बसमध्ये सगळ्यात मागं भिंतीला टेकून उभा राहायचो, जागा असली तरी. मीटिंगमध्ये सगळ्यात आधी येऊन कोपऱ्यातली लाकडी खुर्ची धरायची, आणि सगळे गेल्यावर उठायचं. कुणी दारात सोडायला आलं तर पाठमोरं व्हायचं नाही, बोलत बोलत उलटं चालायचं. लग्नाची आमंत्रणं आली की ताप आलाय म्हणून सांगायचं. ऑफिसातले लोक सुटीत कणकुंबीकडं फिरायला गेले, मला चल म्हणाले. जंगलात कुणाला काय दिसणार होतं? पण जाताना गाडीत तिघंतिघं दाटीनं बसणार होते. मी नाही म्हणालो. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं नाही.

आक्काच्या मुलीच्या वाढदिवसाला मी दारातच उभा होतो. "मामा, बस की," ती म्हणाली. मी म्हणालो, "मला लगेच जायचंय." कुठं जायचं होतं? खोलीवर. तिथं प्लॅस्टिकची एक खुर्ची होती, पुसली की झालं. त्या खुर्चीत बसून मी ओला सदरा काढायचो आणि पंख्याखाली उघड्या पाठीनं बसायचो. दिवसातला तो एवढाच वेळ मला कसलीच चिंता नसायची, आणि त्या वेळी जवळ कुणीही नसायचं. माझ्या लक्षात यायला लागलं होतं की मला आता तसंच आवडायला लागलंय. त्याचीच जास्त भीती वाटली.

रविवारी दुपारी करायला काही नसायचं. आक्काकडं एक जुनं शिलाई मशीन धूळ खात पडलं होतं. ते मी आणलं आणि हात चालवायला लागलो. पहिली बनियनं भयंकर झाली. हळूहळू एक बेत जमला. आतून बिनबाह्यांची मलमलची बंडी, सैल, पाठीच्या भागाला जुन्या पंचाचा दुहेरी तुकडा जोडलेला. पंचा घाम पितो, मलमल अंगाला टोचत नाही. वरून बारीक छाप्याचा गडद निळा सुती सदरा, खांद्यात ढिला, म्हणजे बंडीला चिकटत नाही. आणि समारंभ असला किंवा चार लोकांत जायचं असलं तर वर बिनअस्तराचं सुती जाकीट. विजारीला आतून तसाच पंचाचा तुकडा. ऑफिसात बॅगेत दुसरी बंडी, दुपारी बदलायची.

यानं घाम कमी झाला नाही. पण लोकांना दिसायचा बंद झाला, निदान दुपारपर्यंत. दुपारपर्यंत तर दुपारपर्यंत.

आप्पा

आप्पा एकदा न सांगता बेळगावला आले. डोळे तपासायला आलतो म्हणाले. खोलीत दोरीवर बंड्या वाळत होत्या, एका ओळीत. त्यांनी एक खाली घेतली, उलटी केली, पंचाच्या जोडावरून अंगठा फिरवला.

"टीप वाकडी आलीया."

"शिकतोय अजून."

त्यांनी कापड चिमटीत धरून उजेडाकडं केलं. "हे मलमल कुठलं?"

मी बाजारातल्या एका दुकानाचं नाव सांगितलं. त्यांनी बंडी पुन्हा दोरीवर टाकली.

"आपल्या दुकानात मलमल न्हाय व्हय रं?"

 मी खरं तेच बोललो. "मागायची लाज वाटली, आप्पा."

"आमची?"

"न्हाय. माझी."

ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. गुडघे दाबत राहिले. गुडघ्यांकडं बघतच म्हणाले, "त्या दिवशी मी तुला आत बस म्हटलो ना, ते तू एकटाच असताना म्हणायला पाहिजे होतं." एवढंच. मग चहा मागितला. साखर जास्त झाली म्हणून कुरकुरले आणि दुपारच्या बसनं गेले.

आठवड्याभरानं निपाणीच्या बसमधून माझ्या नावाचं एक गाठोडं आलं. मलमल, गडद छापे, आणि न वापरलेले पंचे. सगळं धुऊन, आटवून पाठवलं होतं. शिवल्यावर कापड आटलं तर बंडी घट्ट होते, हे आप्पांच्या लक्षात होतं.

वैशाली

मी अजून अधूनमधून त्याच डॉक्टरांकडं जातो. पाठीवर पुरळ उठतं त्यासाठी. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "एक मुलगी आलीय, हातांचाच त्रास आहे. ऑपरेशन करा म्हणून वडील मागं लागलेत. मी सांगायचं ते सांगितलंय. तुमची हरकत नसेल तर तिच्याशी बोलाल का? जे वाटेल ते सांगा."

डॉक्टरांनी बाजूची एक लहान खोली उघडून दिली. मुलीचं नाव वैशाली. बेळगुंदीची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. सोबत तिचे वडील, रताळ्याची शेती करणारे, धुवट सदऱ्यातले. वैशालीच्या हातात रुमाल होता, मुठीत घट्ट धरलेला. त्या मुठीला काय वाटत असतं हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं.

"हातमोज्यात पाणी साठतंय," ती म्हणाली. "सुई धरताना सटकती. सिस्टर सगळ्यांसमोर वरडती."

वडील म्हणाले, "पुढं लगीन हाय, नोकरी हाय. एकदाच काय ते करून टाकावं म्हणतोय मी. तुमचे हात बघा की, कसे कोरडे हायत!"

त्यांनी माझा हात धरूनच ठेवला होता. मी म्हणालो, "व्हय, कोरडे हायत. मला रेशमाला हात लावता येतो. हे खोटं न्हाय."

मग मी थांबलो. पुढचं सांगायला शब्द होते, डॉक्टरांनीही तेच शब्द वापरले असणार. मलाही एकदा त्यांनी ते सांगितले होते आणि माझ्या कानांत शिरले नव्हते. वैशाली माझ्याकडं बघत होती. जाकीट, गडद सदरा, कोरडे हात. तिला एक नीटनेटका बरा झालेला माणूस दिसत होता. तो मीच शिवून तयार केला होता.

मी उठलो. जाकीट काढून खुर्चीवर टाकलं. सदऱ्याची बटणं एकेक करून सोडली. सदरा काढला आणि बंडीवर उभा राहिलो. मग भिंतीकडं तोंड केलं.

आक्कालासुद्धा मी ती पाठ कधी दाखवली नव्हती. सकाळची वेळ होती, नुकताच घरून निघून आलो होतो. तरी बंडी मानेपासून खालपर्यंत चिंब होती, विजारीच्या कमरेपर्यंत ओल उतरली होती.  खोलीतल्या पंख्याचा वारा ओल्या कापडाला लागून गार वाटत होता. मला पळून जावंसं वाटत होतं, आणि मी गेलो नाही.

"रोज?" वैशालीनं विचारलं.

"रोज. थंडीत थोडा कमी."

वडील हळू आवाजात म्हणाले, "हे ऑपरेशननं झालं?"

"हातातला हिकडं आला. सगळ्यांना एवढा येतो असं न्हाय. कुणाला थोडाच येतो, ते खुशीत हायत. मला हा आला."

मी सदरा घालून वळलो. वैशालीच्या मुठीतला रुमाल खाली पडला होता. तिनं तो उचलला नव्हता.

"दादा, तुम्हाला आधी कळलं असतं तर केलं असतं काय?"

हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारलाय. "कळलं होतं गं," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाय. तू ऐक, आणि मग तुला पाहिजे ते कर. ते पाण्याचं यंत्र मी अर्ध्यात सोडलं. तू सोडू नको. त्यानं जमलं न्हाय तर मग बघ."

वडील माझ्या जाकिटाकडं बघत होते. त्यांनी ते खुर्चीवरून उचललं, झटकलं आणि माझ्यापुढं धरलं, घालायला. कुणा मोठ्या माणसाला घालतात तसं. मी त्यांच्या हातांनी ते घातलं.

वैशालीनं ऑपरेशन केलं नाही, निदान अजून तरी. तिच्या वडिलांनी यंत्र विकत आणलंय, ती दिवसाआड न चुकता दोन्ही हात पाण्यात घालून बसते. आधीपेक्षा बरंच कमी आहे म्हणते, पूर्ण नाही. हातमोज्याच्या आत घालायला मी तिला मलमलचे पातळ मोजे शिवून दिले. परीक्षेत सुई सटकली नाही, हे सांगायला तिचा फोन आला होता.

माझा घाम आहे तसाच आहे. पण त्या दिवशी दवाखान्याच्या दारात वैशालीनं मला एक विचारलं होतं, ते सांगून थांबतो. वडील रिक्षा बघायला पुढं गेले होते.

"दुखतं काय हो, दादा?"

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. कधीपासून आहे, का येतो, काही लावत नाहीस का, हेच सगळ्यांनी विचारलं होतं.

"न्हाय गं," मी म्हणालो. "दुखत न्हाय. एकटं वाटतं."

तिनं मान हलवली. रुमाल पर्समध्ये टाकला आणि जाताना मला हात दिला. ओला होता. मी धरला, आणि सोडल्यावर पुसला नाही.